शॉकअपच्या दांड्यावरची रेघ

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी एकतीस वर्षं काढली. उसाची गाडी आली की मी आधी उसाकडे बघायचो नाही, गाडीखाली बघायचो. कुणी मोळीत दगड घालायचा, कुणी ऊस भिजवून आणायचा, कुणाचा भाऊ गप्पा मारता मारता काट्याच्या पत्र्यावर सहज पाय टेकून उभा राहायचा. त्यामुळे समोरचा माणूस गोड बोलायला लागला की माझी नजर आपोआप त्याच्या पायांकडे जाते. ‘विश्वास तर पानिपतात मेला’ हे मी इतक्या वेळा म्हटलंय, की आता बायकोच ते माझ्याआधी म्हणून टाकते.

तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हाची ही गोष्ट. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “तीन महिने यांना दणका बसता कामा नये. एकसुद्धा.” आणि लगेच म्हणाले, दर आठवड्याला तपासायला नगरला आणा. देवळाली प्रवरा ते नगर हा रस्ता ज्यांनी पाहिलाय, त्यांना ही दोन वाक्यं एका दमात कशी बोलता येतात याचं नवल वाटेल.

आमची गाडी जुनी. आधीच्या हौशी मालकाने मागच्या चाकांना बाहेरून मागवलेले शॉकअप बसवले होते. शॉकअप म्हणजे चाकाचा धक्का माणसापर्यंत येऊ न देणारी लोखंडी नळी. आत तेल असतं आणि त्यात वरखाली होणारा चकचकीत दांडा. या शॉकअपची गंमत अशी, की दांडा पूर्ण दाबून फिरवला की गाडी हवी तशी मऊ किंवा कडक करता यायची. झिजतील तसे आम्ही ते दरवर्षी थोडे कडक करत गेलो, आणि आता फिरवायला जागाच उरली नव्हती. खड्डा लागला की गाडीचं बूड चारदा नाचायचं. तसले नवे कुठे मिळेनात. गावातल्या गॅरेजवाल्याने दोन्ही काढून पोत्यात घालून दिले आणि म्हणाला, “हे उघडून नवं करणारा नगरात एकच मिस्त्री हाय. एमआयडीसीच्या मागं. पर लई सावकाश काम करतो.”

सावकाश काम करणारा माणूस मला मुळातच आवडत नाही. सावकाशीला कारण असतं.

मिस्त्री साठीच्या आसपासचा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने एक शॉकअप उभा धरून तळहाताने दाबला आणि कान लावला. “आतला वायसर गेलाय, तेल आडवून धरणारं रबरी सीलबी गेलंय. दांडा मातर नव्यावानी हाय. हुईल.” मग तो पुसत पुसत म्हणाला, “असं आता मिळत न्हाईत बरं का. ज्याच्याकडं हायेत त्यानं जपावं.”

हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. म्हणजे माल दुर्मिळ आहे, आणि ते याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. माझे चांगले ठेवून घेतले आणि तसलेच दिसणारे दुसरे रंगवून हातात दिले, तर मला काय कळणार? मला कळेल ते रस्त्यावर, आणि सोसावं लागेल तिला.

अर्थात मी काही रिकाम्या हाताने गेलो नव्हतो. आमच्याकडे विहिरीवरची मोटर जळाली की रिवाइंडिंगला देण्याआधी तिच्यावर छिन्नीने खूण करतात. आतलं तांबं जाऊ नये, अख्खी मोटर बदलून दुसरीच गळ्यात पडू नये म्हणून. माझे वडील तीन ठिकाणी खुणा करायचे, आणि त्यातली एक घरातसुद्धा कुणाला सांगायचे नाहीत. मीही दोन्ही नळ्यांवर तळाशी एकेक खूण ठोकून नेली होती.

चौथ्या दिवशी बघायला गेलो. दोन्ही शॉकअप तयार, एका घोडीला उभे टांगलेले. गंज घासून काढलेला, वरून काळा रंग. मी वाकून तळ पाहिला. खुणा गायब!

“हात लावू नका, रंग वला हाय,” मिस्त्री म्हणाला. “उद्या न्या. असं उभं ऱ्हायलं की आतली हवा वर येती.”

उद्या. आज मला माझे दाखवायचे, खुणा घासून टाकायच्या आणि उद्या दुसरे द्यायचे! मी काही बोलणार, तोच त्याने हात पुसले. “बसा तुमी. मी जेवून येतो. दुकानाकडं जरा बघा.” आणि खरंच निघून गेला.

चार दिवसांच्या ओळखीवर दुकान कोण सोडून जातं? एक तर मूर्ख, नाहीतर फार पोचलेला. मूर्ख तर तो वाटत नव्हता. मी पाचेक मिनिटं स्टुलावर बसलो. मग उठलो. नळीवर खूण करावी तर ओला रंग बोटाला लागणार. दांड्यावर मात्र रंग नव्हता. त्याच्यावरचं पत्र्याचं टोपण वर सरकवलं, त्याच्याच टेबलावरची तिकोनी कानस घेतली आणि डाव्या शॉकअपच्या दांड्यावर एक बारीक आडवी रेघ ओढली. दांडा भलता कडक. दोनदा, तीनदा जोर लावून घासावं लागलं. उजव्याकडे वळलो तर बाहेर चपलांचा आवाज आला. टोपण खाली, कानस जागेवर, मी स्टुलावर.

“कुनी आलं हुतं का?” त्याने विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ताब्यात घेताना मी त्याची पाठ वळल्याबरोबर टोपण सरकवून पाहिलं. रेघ होती. माझेच शॉकअप! मला इतका आनंद झाला, की येताना मी बायकोसाठी पेढे घेतले. तिने विचारलं कशाचे, तर म्हणालो, गाडीचे.

पहिल्या दोन फेऱ्या अशा झाल्या की ती मागच्या सीटवर आडवी होऊन चक्क झोपली. तिसऱ्या फेरीला, नगरहून परतताना, राहुरीच्या अलीकडे एक खड्डा आला. मला तो दिसला होता, वेगही कमी होता. पण डावीकडून गाडी खाली आपटली, उसळली, परत आपटली. मागून जो आवाज आला तो मी चाळीस वर्षांच्या संसारात कधी ऐकला नव्हता. बाळंतपणातसुद्धा नाही. गाडी कडेला घेतली. ती दोन्ही हातांनी सीट धरून होती, आणि डोळ्यांतून पाणी नुसतं वाहत होतं. खाली वाकून पाहिलं, तर डावा शॉकअप तेलाने माखलेला.

पंधरा दिवस ती कुशीवर वळू शकली नाही. राहुरीत काढलेला एक्स-रे पाहून डॉक्टर फोनवर म्हणाले, नशीब, काही सरकलं नाही, पण पुन्हा असं झालं तर चालणं विसरा. ते पंधरा दिवस मी तिच्या उशाशी बसून मिस्त्रीला मनातल्या मनात हाणत होतो. रेघ आहे म्हणजे शॉकअप माझाच. मग आतलं काढलं! जुनं सील घातलं! मधल्या तपासण्या चुकल्या; पुढच्या तपासणीला तिला अगदी पावलापावलाने नगरला नेलं, आणि दवाखान्यातून गाडी थेट त्याच्या दारात उभी केली. ती मागे झोपलेली होती. मला ती तशीच त्याला दाखवायची होती.

मी खूप बोललो. शेजारच्या लेथवाल्याने मशीन बंद केलं, इतका. मिस्त्री पाना घेऊन गाडीखाली शिरला. त्याने डावा शॉकअप उतरवला, टोपण काढलं, दांडा पुसला आणि त्यावरून नख फिरवलं. एका जागी नख अडलं. त्याने चष्मा वर करून दांडा डोळ्यांजवळ नेला. मग सील काढून दाखवलं. त्याची कड ब्लेडने कापावी तशी फाटली होती.

“रेघ पडलीय,” तो म्हणाला. “दांडा वरखाली हुतो तसं हिनं सील कातरलं. छोट्या खड्ड्याला रेघ सीलपत्तर येत न्हाई, मोठ्याला येती.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला वाटलं, आता हा वर बघणार आणि माझं नाव घेणार. तो दांडाच बघत राहिला.

“माज्याच हातनं झालं असनार. काढता-घालता कशाला तरी घासला. मला दिसायला पायजे हुतं.” तो उठून गाडीजवळ गेला आणि खिडकीतून हात जोडले. “वैनी, चूक झाली माजी. तुमाला लई तरास झाला.”

“असू द्या भाऊ,” ती आतून म्हणाली. “होतं माणसाकडून.”

मी तिथेच उभा होतो. बोलायला एवढी मोकळी जागा कुणी कुणाला देत नसेल. मी बोललो नाही.

नवा दांडा कातून घ्यायला चार दिवस लागणार होते. तोवर त्याने मागे दोन साधे शॉकअप लावून दिले. “हे कडक हायेत. वैनींना जपून न्या,” असं त्याने मला दोनदा बजावलं.

विळद घाट उतरताना ती म्हणाली, “किती सरळ माणूस. स्वतःहून कबूल केलं. तुम्ही एवढं तोंड टाकलंत तरी एक शब्द उलट नाही.”

मी गाडी थांबवली आणि आरशात न बघता तिला सगळं सांगितलं. कानस, रेघ, चपलांचा आवाज, सगळं. मला लाज वाटत होती आणि रडूही येत होतं. मग ती म्हणाली, “गाडी वळवा.”

“अगं, हे शॉकअप कडक आहेत. परत घाट चढायचा, परत उतरायचा. तुझी पाठ...”

“पाठ माझी आहे. वळवा.”

वळवली. मिस्त्री शटरजवळ उभा राहून हात धूत होता. मी त्याच्यासमोर जाऊन जसं घडलं तसं सांगितलं. त्याचे हात पाण्याखाली तसेच राहिले. मग त्याने माझ्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं.

“वैनी आत हायेत?”

“हो.”

“ह्या शॉकअपवर मागारी आनलं त्यांना?” त्याचा आवाज एकदम चढला. “फोन न्हवता व्हय तुमच्याकडं? आँ? फोनवर सांगता येत न्हवतं?”

त्याने नळ बंद केला, शटर ओढलं आणि ओला हात पुढे केला. “चावी द्या.”

देवळालीपर्यंत गाडी त्याने चालवली. मी शेजारी बसलो होतो. माझ्याशी तो एक अक्षर बोलला नाही. पण प्रत्येक खड्ड्याआधी गाडी जवळजवळ थांबवून तो मान न वळवता म्हणायचा, “वैनी, धरा,” आणि ती म्हणायची, “धरलंय भाऊ.”