एका नंबरावर तीन माणसं

माझी मोठी बहीण औशातल्या एका दवाखान्यात पेशंटची नावं कॉम्प्युटरवर भरते. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मिळालेलं तिचं पहिलं काम. नावं भरायची ती वेबसाइट मी नांदेडला बसून बनवलेली, आणि तिथंच घोळ झाला.

रोज तिचा फोन. "अगं, नुसतं 'काहीतरी चुकलं' म्हणतंय. मला वाटतंय, फोन नंबरापाशी अडतंय."

"ताई, तू नको डोकं चालवू! काहीतरी उलटसुलट दाबत असशील," मी खेकसायचे. माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास चालत होतं ना!

"हाव, माझंच चुकलं आसंल," ती म्हणायची.

एका सकाळी म्हणाली, "डॉक्टरसाहेब सोमवारपासून माझ्या जागी दुसरी पोरगी बघून राहिलेत. न्हाई जमत गं मला." रडतसुद्धा नव्हती.

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. सर्व्हरवर काय बिघडलं ते लिहून ठेवणारं लॉगिंग मी लावलंच नव्हतं. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकलेली बाई मी! सेटिंगमध्ये लॉगची फाइल जोडली. प्रत्येक नोंदीची वेळ, नंबरचे शेवटचे चार आकडे, आणि चूक झाली तर तिचं कारण, सगळं तिच्यात उतरेल असं केलं. ताईला म्हटलं, आज नेहमीसारखं काम कर.

दुपारी फाइल उघडली. नऊ चाळीस, नोंद झाली. नऊ बेचाळीस, चूक: हा नंबर आधीच आहे. नऊ त्रेचाळीस, पुन्हा तेच. तेव्हा कोण आलं होतं, ते ताईला मेसेज करून विचारलं: सासू, सून आणि तापानं फणफणलेलं लेकरू, तिघांत मिळून एक फोन. आणि मी नियम घालून ठेवलेला, एका नंबरावर एकच माणूस! आमच्या लहानपणी घरात फोन नव्हता, सगळे निरोप शेजारच्या चाचींच्या नंबरावर यायचे. ते मी साफ विसरले होते.

नऊ पंचेचाळीस, नोंद झाली. शेवटचे चार आकडे ताईच्या स्वतःच्या नंबरचे होते. तापलेलं लेकरू बाकावर ताटकळू नये म्हणून तिनं आपला नंबर देऊन टाकला होता. पुढच्या पेशंटला अर्थातच तोही चालला नाही.

मला माझीच लाज वाटली. नियम काढून टाकला आणि आधी डॉक्टरांना फोन लावला. चूक माझी होती, ताईची नाही, असं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "मग त्यांनाच राहू द्या."

मग ताईला. "तू एकदाही चुकली नाहीस गं. कुठं अडतंय ते तूच पहिल्यांदा ओळखलंस. मला माफ कर."

आता ही मला धरून झापणार, असं वाटलं.

"म्हंजे," ती हळूच म्हणाली, "मला येतंय." आणि मग रडली.