विटाळ आणि बदकाची अंडी

माझी सगळी चळवळ एका बदकिणीच्या बुडाखाली अडकून पडेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण झालं तसंच.

मी नगरला मुलींच्या एका गटात काम करते. पाळीचा विटाळ या थोतांडाविरुद्ध आम्ही पत्रकं काढतो, कॉलेजांच्या फाटकांवर वाटतो, वर्गात जाऊन बोलतो. सुट्टीत कॉलेजं बंद, म्हणून मी राहुरीकडच्या आमच्या वस्तीवर घरी आले होते. वस्तीवर दोनच घरं, आमचं आणि चुलत्यांचं, आणि दोन्हींना अंगण एकच. मधून पाट जातो. त्या पाटाच्या भरवशावर आईनं बदकांची जोडी आणली होती. मी आले तेव्हा बदकीण नुकतीच रवणाला, म्हणजे अंडी उबवायला बसली होती, आणि त्याच आठवड्यात नर कांद्याच्या ट्रॅक्टरखाली सापडला. म्हणजे तिच्याखालची अंडी ही त्या जोडीची शेवटची. आईला दारात पिल्लं हवी होती. ती असं बोलून दाखवत नाही, पण सकाळी उठल्यावर चहाच्या आधी टोपलीत डोकावायची.

आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या कोंबड्या. त्यामुळं बदकिणीचं सगळं कोंबडीच्या हिशेबानं चाललं होतं. टोपलीत भुसा, वळवाच्या गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून तळाशी कोळसा, लाल मिरची आणि लोखंडाचा खिळा, आणि वर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं, म्हणजे बाई उठायला नको. मी मोबाईलवर वाचलं, व्हिडिओ बघितले, एका पशुवैद्यांना फोन केला. त्यांनी स्वच्छ सांगितलं की बदकिणीला रोज पाण्यावर सोडा, ती ओल्या पंखांनी परत बसली की अंड्यांना ओल मिळते, एवढ्या उन्हात तर हवीच. मी हे आईला सांगितलं. चुलतीला सांगितलं. चुलती म्हणाली, अंडं ते अंडंच, त्याला काय पोहायला शिकवायचंय का. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, बायकांच्या कामात मला घेऊ नका. वाद माणसांच्या हक्काचा असो की बदकाच्या, पुरुषांचं उत्तर हेच.

शेवटी मी डालगं उचललं आणि पाळत ठेवायचं काम माझ्याकडं घेतलं. बदकीण उठायची, पंख झाडायची, पाटात डुबकी मारून यायची आणि येताना माझ्या पायाला चोच मारायची. उपकाराची जाण नावाची गोष्ट तिच्याकडं नव्हती. पण परत यायची आणि बसायची.

मग माझी पाळी आली.

आईनं मला बाजूला घेऊन हळूच बजावलं की या चार दिवसांत टोपलीकडं फिरकायचं नाही. सावलीसुद्धा नको. रवणावर विटाळ पडला की अंडी जातात. हे मला. ज्या विषयावर मी पानं भरून लिहिलंय, तोच विषय माझ्याच अंगणात, माझ्याच आईच्या तोंडून. डोक्यात तिडीक गेली. मी अंगणात उभी राहिले आणि चुलतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला पाळी आलीय, आणि मी बदकिणीला पाण्यावर सोडायला चाललेय." सोडलं. अंडी ओल्या हातानं शिंपडली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. आई माझ्याशी बोलेना, ताट मात्र वाढत होती.

इथपर्यंत ठीक होतं. मी जिंकल्यासारखी वागत होते आणि त्याचा परिणाम शेजारच्या दारात दिसत होता. माझी चुलत बहीण, बारावीतली, पाळीत पडवीत पोत्यावर बसायची, तिनं मागच्या वेळी चुलतीला न जुमानता स्वयंपाकघरात बसायला लाकडी पाट मांडला होता. माझ्या पत्रकांमुळं असं म्हणण्याचा मोह होतो, पण मला वाटतं पडवीत पंखा नाही म्हणून.

तीन आठवडे झाले आणि टोपलीत काहीच हललं नाही.

कोंबडीची पिल्लं तीन आठवड्यांत निघतात. बदकाला चार लागतात. हे मी पहिल्या दिवसापासून घसा कोरडा करून सांगत होते. पण चुलतीनं एक अंडं कानाशी धरलं, हलवलं आणि निकाल दिला की गेली. का गेली हे तिला विचारायचीही गरज नव्हती. संध्याकाळपर्यंत पाटाच्या पलीकडच्या वस्तीवरही ते पोचलं होतं की अमकीच्या शिकलेल्या पोरीनं विटाळात हात लावला आणि रवण गेलं. दूध घालायला आलेल्या एका बाईनं मला थांबवून, अगदी मायेनं, सांगितलं की शिक्षण आपल्या जागी आणि ह्या गोष्टी आपल्या जागी. माझ्याकडं छापील मुद्दे होते, आकृत्या होत्या. तिच्याकडं न फुटलेली अंडी होती.

आणि त्याच संध्याकाळी चुलतीनं बहिणीचं पोतं पुन्हा पडवीत नेऊन ठेवलं. अजून पाळी आली नव्हती, नुसतं तयार ठेवलं. बहीण माझ्याकडं आली, रडली वगैरे नाही, तो तिचा स्वभाव नाही.

"ताई, तुझ्या बदकाला म्हनावं जरा लवकर कर. माझी तारीख जवळ आलीय."

मी तिला सुनावणार होते की तुझा हक्क एखाद्या पक्ष्यावर अवलंबून नसतो. ते वाक्य माझ्या एका पत्रकात आहेही, पक्ष्याऐवजी दुसरं काही. पण तिला वाक्य नको होतं. तिला बदकं हवी होती.

दुसऱ्या दिवशी चुलती बादली भरून आली. खुडूक कोंबडीला रवणावरून उठवायचं असलं की पाण्यात बुडवतात, म्हणजे तिचा बसायचा नाद सुटतो. बदकिणीला पाण्यात बुडवून काय साधणार होतं देव जाणे. मी टोपलीपुढं फतकल मारून बसले. चुलती म्हणाली, मोर्चा काढलाय का गं. मी म्हणाले, धरणं आहे. आई मध्ये उभी. मी एक अंडं उचललं, आईचा हात धरला आणि तिला भर दुपारी कांद्याच्या कोठीत नेलं, दार लावून अंधार केला, आणि मोबाईलची टॉर्च अंड्याच्या बुडाला टेकवली.

आत काळा गोळा होता, वर थोडी उजेडाची जागा. त्या जागेत काहीतरी सरकलं.

आई वाकली, डोळा अंड्याजवळ आणला. मग म्हणाली, "हलतंय."

दाराच्या फटीतून चुलतीनं सांगितलं की तुझ्या पोरीचा हात हलतोय.

आईनं अंडं माझ्या हातून घेतलं, स्वतः नेऊन बदकिणीखाली ठेवलं, बादली उचलून गुरांच्या हौदात ओतली आणि जाहीर केलं की चार आठवडे भरतात त्या बाजाराच्या दिवसापर्यंत कुणी टोपलीला हात लावायचा नाही. मीही नाही. हे मात्र मला पटलं, कारण पशुवैद्यांनीही शेवटी शेवटी छेडू नका असंच सांगितलं होतं. ते आईला सांगण्याची मला तेव्हा गरज वाटली नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी एका अंड्याला चीर दिसली. मग दिवसभर काही नाही. कोंबडीचं पिल्लू अडलं तर चुलती नखानं टरफल सोलते, तशी ती सोलायला निघाली आणि मी तिला अडवलं, पुन्हा भांडण. बहीण दर थोड्या वेळानं येऊन विचारायची, निघालं का. बाजाराच्या दिवशी सकाळी पहिलं निघालं, चिकट, पिवळं, रागावलेलं. मग दुसरं. दुपारपर्यंत दोन अंडी सोडून सगळी फुटली. चुलती म्हणाली, ती दोन तू शिवलेली असणार. मी म्हणाले मी सगळी शिवलेली. ती म्हणाली, मग काही जास्त शिवली असशील.

आई पिल्लं ओच्यात घेऊन उंबऱ्यावर बसली होती. मला वाटलं, आता. आता ती म्हणेल की खोटं होतं ते सगळं. मी शेजारी जाऊन बसले आणि विचारलंच, काय गं, गेलं का रवण माझ्या विटाळानं?

आईनं विचार केला. खरंच केला.

"बदकाला न्हाई लागत," ती म्हणाली. "ते पान्यातलं जनावर. सारखं धुतलेलंच असतंय."

मी समजावलं. आकृती काढली, अंगणातल्या मातीत, काडीनं. आईनं ती बघितली आणि पिल्लांना तांदळाची कणी आणायला उठली. चुलतीला हा शोध फार आवडला. दोन दिवसांत तो पाटाच्या दोन्ही काठांवर कायदा झाला.

बहिणीची पाळी आली तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. पोतं पडवीत नव्हतं. ती स्वयंपाकघरातही नव्हती. ती पाटाच्या काठावर, पाण्यात पाय सोडून बसली होती, हातात काठी, पुढ्यात बदकीण आणि पिल्लं. चुलतीनं तिला धाडलं होतं. बदकांचं काम आता ज्या पोरीची पाळी असेल तिच्याकडं, कारण तिला स्वयंपाक चालत नाही आणि बदकाला ती चालते. पलीकडच्या वस्तीवरची एक पोरगीही येऊन बसली होती, तिच्या घरी तर बदकंही नाहीत.

मी संतापून म्हणाले की उठ, घरात चल, हे पडवीपेक्षा काही वेगळं नाही.

"वेगळं हाय की," बहीण म्हणाली. "हितं वारं हाय." आणि तिनं माझ्यासाठी सरकून जागा केली.

मी बसले नाही. घरात जाऊन चुलतीशी भांडले, ते अजून चालू आहे.