लॅमिनेशन केलेली तेवीस कार्डं

गोंदियाच्या रेल्वे कॉलनीतल्या मैदानावर बास्केटबॉलचे दोन खांब होते, एक सरळ आणि एक वाकलेला. सरळ खांबाखाली आम्हा मुलींना शिकवणारे सर म्हणजे निवृत्त इंजिन ड्रायव्हर. त्यांचा भाऊ तरुणपणीच अमेरिकेला गेला होता आणि पत्रासोबत तिथल्या खेळाडूंची छापील कार्डं पाठवायचा. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याचे आकडे. सगळी सत्तरच्या दशकातली. दहापैकी आठ फ्री थ्रो पडले की सर त्यातलं एक कार्ड बक्षीस द्यायचे. १९९९ पासून तीन वर्षांत माझी तेवीस झाली. अभ्यास बोंबलला, पण तेवीस.

बाबा रेल्वेत गँगमन, रुळांच्या कामावर. "कायले जमवून राहिली वं हे कागदं?" म्हणायचे. मैत्रिणी हसल्या तरी मला फरक पडत नव्हता. बाबांनी मात्र मानायला हवं होतं की पोरीजवळ काहीतरी मोलाचं आहे. मला तेवढंच हवं होतं.

त्याचा पुरावा सायबर कॅफेत सापडला. माझ्याजवळच्यासारखंच एक कार्ड कुणीतरी विकायला ठेवलं होतं आणि किंमत बघून मी शून्यं तीनदा मोजली. कोपरे टोकदार, कार्ड जसंच्या तसं असेल तरच ती किंमत, असं खाली लिहिलं होतं. प्रिंट काढून घरी पळत आले. बाबा जेवत होते. किंमत सांगितली, खालची अट सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. बाबांनी हात धुतले, पुसले आणि कार्डं मागितली. पहिल्यांदाच. एकेक कडेला धरून बघितलं.

"मंग असे उघडे काऊन ठेवतं?" एवढंच म्हणाले. मी त्या दिवशी जमिनीवर नव्हते.

बाबांची स्वतःची मॅट्रिकची मार्कशीट केशोरीकडच्या गावातल्या घरात वाळवीने खाल्ली होती. दुसरी प्रत मिळते हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि बढती हातची गेली. तेव्हापासून कामाचा कागद घरात आला की बाबा तो आधी लॅमिनेशनला न्यायचे. माझ्या मार्कशीटा, जातीचा दाखला, आईचं रेशनकार्डसुद्धा त्यातून सुटलं नव्हतं.

चार दिवसांनी कॉलेजातून आले तर तेवीसही कार्डं जाड प्लास्टिकमध्ये घट्ट बसून टेबलावर मांडलेली. गरम मशीनमधून काढलेली. दोन कार्डांचा रंग फुगला होता. बाबा रजा टाकून माझी वाट बघत बसले होते.

"आता पन्नास वर्षं काई होत नाई यायले."

"सत्यानाश केला तुम्ही! काही कळतं का तुम्हाला?" मी ओरडले. आणखी जे बोलले ते आज लिहवत नाही. बाबा उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. त्यानंतर आमच्या घरात कार्डांचा विषय निघाला नाही.

नागपूरला नोकरी लागल्यावर मी पुन्हा कार्डं घ्यायला लागले. भाव बघून, मऊ पाकिटांत घालून. काहींचे भाव चढलेही. गुंतवणूक आहे असं लोकांना सांगते. दर सुट्टीत बाबांना दाखवायला म्हणून चार-पाच बॅगेत घालून गोंदियाला न्यायचे आणि तशीच परत आणायचे. बाबांनी ती हातात घ्यायचं नाकारलं तर, या विचारानेच माझा धीर सुटायचा.

बाबा गेल्यावर महिनाभराने आईच्या पेन्शनच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला मी त्याच लॅमिनेशनच्या दुकानात गेले. दुकानदाराने कागदांवरचं बाबांचं नाव वाचून मान वर केली.

"वो कार्डवाले बाबूजी? आपके पिताजी थे?"

मग त्यानेच सांगितलं. लॅमिनेशनच्या दुसऱ्या दिवशी बाबा एक कार्ड घेऊन परत आले होते.

"पूछते थे, निकलता क्या. मैं बोला, नहीं निकलता बाबूजी, फट जाएगा. फिर भी हफ्ताभर आए, ड्यूटी के बाद. बोलते थे, मेरी बेटी की बहुत बड़ी चीज है, मेरे हाथ से बिगड़ गई."

बाबांनी हे म्हणावं म्हणून मी किती वर्षं थांबले होते. ते म्हणाले होते, रोज, झेरॉक्सवाल्याला. मला म्हणायची सोय मीच ठेवली नव्हती.