रॉकेलची गाडी थांबली नाही

सहामाही परीक्षेला आठ दिवस राहिले होते आणि मला पुण्याला पाठवलं. सकाळची एसटी होती. आबांनी माझी पत्र्याची पेटी टपावर चढवली. आत्या आधीच आत जाऊन जागा धरून बसली होती. आई खिडकीखाली उभी. मला वाटलं, आता ती रडेल, नीट जेव म्हणेल, आत्याला त्रास देऊ नकोस म्हणेल. गाडीचं इंजिन सुरू झालं तसा तिनं गजांतून हात घालून माझी हनुवटी घट्ट धरली आणि म्हणाली, "कुणी काय इचारलं तर तुला कायबी म्हाईत न्हाई. कळलं का?" मी म्हटलं, "व्हय." गाडी निघाली.

अकरा वर्षांची होते मी. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आपल्या बोळातून शिकायला बाहेर पडलेली पहिली पोरगी म्हणून तुम्ही अजून माझं कौतुक करता. "आमची शैला, पुण्याला शिकली, आता कॅनडात हाय." कौतुक पुरे झालं. मला शिकायला नाही, लपवायला पाठवलं होतं. शेजारची सुमनवहिनी जळून गेल्याला बारा दिवस झाले होते, आणि पोलीस परत येऊन मलाच विचारतील अशी आबांना धास्ती होती. बोळातल्यांनो, आणि माझ्यासारखं बोळ सोडून गेलेल्यांनो, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच हे तुम्हाला लिहितेय.

गेल्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर कुणीतरी बैलगाडीचा फोटो टाकला आणि सगळ्यांना भरून आलं. काय ते दिवस, काय ती माणसं! मीसुद्धा इथं मिसिसागाच्या किचनमध्ये चहा गार करत वाचत बसले. खरं सांगते, मलाही सगळ्या गाड्या आठवतात. उन्हाळ्याच्या तोंडाला कुंभाराची गाडी यायची. कडब्यात रचलेली मडकी, आणि आपल्या आया एकेक मडकं कानाशी धरून टिचक्या मारत बसायच्या. कुंभार वैतागून म्हणायचा, "आक्का, तबला घ्यायला आलाय का मडकं?" जाड्या मिठाची गाडी यायची, तिच्या मागं आपण खडे चोखत निम्मी पेठ फिरायचो. कलिंगडाच्या गाडीचा बैल कुणाच्याही दारात तोंड घालायचा आणि साली खाल्ल्याशिवाय हलायचा नाही. ह्या सगळ्या गाड्यांबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंत. पण जी गाडी दर गुरुवारी न चुकता यायची, तिच्याबद्दल एकानंही अक्षर लिहिलं नाही. चाळीस घरांतल्या एकालाही रॉकेलची गाडी आठवू नये?

मग त्याच दिवशी मला एक वेगळा मेसेज आला, ग्रुपवर नाही, एकटीला.

"ताई, मी मनीषा. सुमनची मुलगी. तुम्ही आमच्या शेजारी होता ना? माझी आई खरंच वेंधळी होती का हो? घरात सगळे तसंच सांगतात, तिला स्टोव्ह धड पेटवता यायचा नाही म्हणून. मला आता मुलगी झालीय. गॅस पेटवताना माझे हात कापतात. बाळ कडेवर असलं की मी स्वयंपाकघरात पाऊलच टाकत नाही. आईचं वेंधळेपण माझ्यात आलं असेल तर?"

पुढं लिहिलं होतं की तिची आजी जाऊन बरीच वर्षं झाली आणि वडिलांची उजवी बाजू लुळी पडलीय, तीच त्याच घरात राहून त्यांचं सगळं बघते.

मी फोन उपडा ठेवला. दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आईला फोन लावला, तिकडं दिवेलागण झाली होती. आई आता ऐंशीची आहे, पण आवाज अजून खणखणीत. मी मेसेज वाचून दाखवला. ती म्हणाली, "कशाला उकरून काढतीस? ती पोर बापाचं सगळं करतीया. तिला आता सांगून काय मिळणार हाय तुला? झोप लागंल व्हय तुला?" मी म्हटलं, "आये, ती स्वतःला घाबरायला लागलीय." आईनं फोन ठेवला.

आता ऐका. माझ्या वयाच्या लोकांना आठवतंयच, बारक्यांसाठी सांगते. महादूमामाच्या गाडीवर पत्र्याची आडवी टाकी होती, मागं तोटी. बोळाच्या तोंडाला आला की तो माप टाकीवर बडवायचा आणि ओरडायचा, "राकेऽऽल!" त्याच्यासाठी कुणी ताटकळत थांबायचं नाही. सगळ्यांचे डबे सारखेच, तेलाचे, म्हणून प्रत्येकीनं कडीला आपापली चिंधी बांधलेली. आमची हिरवी, शेजारच्यांची लाल. डबा पायरीवर ठेवला की भरायचा, नसला की पुढं जायचं. पायरीवरच्या डब्यावरून मामाला कुणाच्या घरात काय चाललंय ते कळायचं. पाहुणे आले, बाळंतीण आली, कुणी गावाला गेलं, सगळं.

सुमनवहिनी शाहूवाडीकडच्या एका वाडीतली. नवरा बबनदादा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर, सासू इंदूमावशी. वहिनी तांदळाची भाकरी करायची, कागदासारखी पातळ, आणि आमच्याकडं एक तरी धाडायचीच. वेंधळी? अगं मनीषा, तुझी आई स्टोव्ह पेटवायच्या आधी रॉकेलचा डबा उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवायची. पदर खोचायची. तुला आमच्या आईकडं द्यायची, मग काडी ओढायची. आमची आई तिला हसायची, "सुमन, इस्टो पेटवतीस का तोफ डागतीस?" तरी ती आपलं सोडायची नाही. इतकी जपून वागणारी बाई मी त्या बोळात दुसरी पाहिली नाही.

त्या आठवड्यात मनीषा, तुमच्या घरचा स्टोव्ह बिघडला होता. पंपातला वायसर गेलेला, बर्नरही बदलायला हवा होता. बबनदादानं तो कोपऱ्यावरच्या रिपेरीवाल्याकडं टाकला आणि तो तिथंच पडून राहिला. चार दिवस वहिनी आमच्या स्टोव्हवर स्वयंपाक करत होती. आईचं झालं की तवा घेऊन यायची.

गुरुवारी गाडी आली. माझी सकाळची शाळा सुटलेली, मी पायरीवर बसून शेंगा खात होते. बघते तर शेजारच्या पायरीवर लाल चिंधीचा डबा. महादूमामा थबकला. इंदूमावशी दारातच होत्या. मामा म्हणाला, "काकू, इस्टो रिपेरीला हाय न्हवं? मग राकेल कशाला?"

"तू भर. चौकशा करू नगंस."

त्यानं भरला. पण बैलाला लगेच हाक दिली नाही. डब्याकडं बघत उभा राहिला, मग माझ्याकडं बघितलं, मग गेला. इंदूमावशी मला म्हणाल्या, "शैले, उचल गं त्यो डबा. आत मोरीपाशी ठेव." मी शेंगा फ्रॉकमध्ये धरल्या आणि डबा आत नेऊन ठेवला. मी. माझ्या हातानं. आत बबनदादा कॉटवर बसला होता. कामाचा दिवस असून घरात कसा, हे मला तेव्हाही वाटलं.

थोड्या वेळानं इंदूमावशी तुला आमच्याकडं घेऊन आल्या. म्हणाल्या, "हिला ठेवा जरा." त्यांनी आजवर तुला कधी आमच्याकडं आणून सोडलं नव्हतं, तुझी आईच आणायची. आईनं तुला झोळीत घातलं. तू झोपलीस. आणि मग शेजारून वहिनीचा आवाज आला.

आत काय झालं ते मी पाहिलं नाही. कुणी ओतलं, कुणी काडी लावली, का तिनं स्वतःच काही केलं, मला माहीत नाही आणि मी रचून सांगणार नाही. पुरुषांनी तिला गोधडीत गुंडाळून सरकारी दवाखान्यात नेलं. ती बोलण्याच्या अवस्थेत नव्हती. दुसऱ्या दिवशी गेली.

पण जे पाहिलं ते सांगते. तिला घेऊन गेल्यावर बबनदादा आमच्या दारात आला. अंगाला रॉकेलचा वास. म्हणाला, "काकी, तुमचा इस्टो द्या." आई भिंतीला टेकून उभी राहिली. आबा दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत होते. त्यांना फाउंड्रीत चिकटवलं होतं बबनदादानं, आणि नोकरी अजून पक्की नव्हती. आमचे आबा कसे बोलायचे, तुम्हाला ठाऊक आहे. मीठ मागितलं तरी तीन घरांना ऐकू जायचं. त्या दिवशी ते इतकं हळू बोलले की मला ओठांवरूनच कळलं. "दे."

आईनं दिला. सकाळी ज्याच्यावर वहिनीनं भाकऱ्या भाजल्या होत्या, तोच पितळी स्टोव्ह तुमच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. संध्याकाळी पोलीस आले. बोळात सगळे दारादारांत उभे होते, प्रत्येकाला तो स्टोव्ह कुणाचा ते माहीत होतं. दांडीला आईनं गुंडाळलेली तार लांबून दिसत होती. हवालदारानं मला जवळ बोलावलं. माणूस चांगला होता, खाली बसून विचारलं, "बाळ, वहिनी ह्याच इस्टोवर स्वैपाक करायची का गं?"

मी म्हटलं, "व्हय."

खोटं कुठं बोलले? चार दिवस ह्याच स्टोव्हवर करत होती. तेवढ्या एका शब्दावर स्टोव्हचा अपघात म्हणून सगळं निभावलं. एवढी हुशार पोर मी, वर्गात पहिली येणारी.

पुढच्या गुरुवारी मी पायरीवर डबा ठेवला. गाडी बोळाच्या तोंडाशी आली. बैल सवयीनं थांबला. महादूमामानं माप वाजवलं नाही, हाक दिली नाही, आमच्या दाराकडं एकदा बघितलं आणि बैलाची शेपटी पिरगाळून गाडी पुढं काढली. बायका डबे घेऊन धावल्या, "अवं मामा, थांबा की!" तो थांबला नाही. नंतर कधीच थांबला नाही म्हणे, तुम्हाला दुसऱ्या गल्लीपर्यंत डबे वाहावे लागले. त्याला कुणी साक्षीला बोलावलं नाही. सगळ्या पेठेत, गाडी न थांबवून का होईना, तेवढा एक माणूस काहीतरी बोलला असं मला वाटतं. पाच दिवसांनी मला एसटीत बसवलं.

पुण्यात आत्यानं पहिल्यांदा माझी भाषा धुऊन काढली. "मी जातो काय म्हणतेस? मुलगी ना तू? मी जाते म्हण." शिकले. मग नोकरी, लग्न, व्हिसा, इथला बर्फ. एकेक गाव सोडताना लोक रडतात, मला दर वेळी हलकं वाटलं. कोल्हापूरला जायचे तेव्हा चार दिवसांत परतायचे, रजा नाही म्हणून सांगायचे. रजा असायची हो! मला शेजारच्या दारावरून जाववत नसे. आतून तुझा अभ्यासाचा आवाज यायचा मनीषा, आणि मी चप्पल हातात घेऊन पुढं जायचे. लाज वाटते लिहिताना. तुझ्या आजीनं तुला आमच्याच डोळ्यांदेखत वेंधळ्या बाईची पोर म्हणून वाढवलं, आणि आम्ही सगळे तुझ्या बारशाला जेवलेले लोक गप्प बसलो.

हे सगळं मनीषाला लिहून झालं आणि पाठवायच्या आधी मी पुन्हा आईला फोन केला. म्हटलं, वाचून दाखवते, मग शिव्या घाल. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "इस्टोचं काय लिवलंयस, परत वाच."

मी त्या पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, "शेजारच्या एका घरातून स्टोव्ह आणला."

"एका घरातनं? कुणाच्या? माझं नाव का गाळलंस?"

"आये..."

"मी दिला. ह्या हातानं दिला. तुझ्या बापानं दे म्हटलं, पर हात माझा हुता. घाल माझं नाव. आणि त्या पोरीला सांग, तुझी आई लई जपून वागायची, हे मी सांगितलंय म्हणून."

मी नाव घातलं. आई, आबा, मी, तिघांचं. मग मनीषाला पाठवलं, आणि आता तेच इथं ग्रुपवर टाकतेय, कारण त्या दिवशी दारांत उभे असलेले तुम्ही सगळे अजून तोंडात मूग धरून बसलाय. तिला पाठवलेल्या मेसेजखाली निळ्या खुणा कालच दिसल्या. वाचलंय तिनं. उत्तर नाही. पलीकडच्या खोलीत तिचा बाप झोपलेला असेल. ती काय करेल, मला माहीत नाही, आणि मला भीती वाटतेय.

पुढच्या महिन्यात मी येतेय, महिनाभर राहायला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ये. पर पैल्यांदा तिच्या दारात जायाचं. तिनं आत घेतलं तर मग आपल्या घरात ये."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर मी बी तिथंच तुझ्याजवळ पायरीवर येऊन बसतो," आई म्हणाली.