चिंचेनंतर कुरडई

माझं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात अहेरीच्या आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर रुखवताच्या कुरडया वाळत होत्या. आईच्या कुरडया शेवयांसारख्या बारीक असत आणि तिला त्यांचा भारी अभिमान. रुखवतात त्या नसल्या तर वरपक्षासमोर नाक कापलं जाईल, असं ती दिवसातून दहादा ऐकवायची.

ओळीनं चार क्वार्टर, चार गच्च्या. वानरांची टोळी रोज पहिल्या गच्चीवर चिंच खायची, दुसरीवर आमच्या कुरडया, तिसरीवर मोहफुलं. काठी घेऊन बसलं तरी पाठ वळताच डल्ला. चौथीवर बांगडीवाल्या भाभीच्या लाल मिरच्या, तिथं मात्र कुणी फिरकत नसे. मला बाजारातून चार वस्तू सांगितल्या की दोनच यायच्या. आई म्हणायची, "वानराले पाठ राह्यते, तुले काऊन नाई राहत?"

हे मला झोंबलं. मी भाभीला पटवलं, उरलेल्या कुरडया तिच्या गच्चीवर नेल्या आणि तिच्या मिरच्या आमच्या गच्चीवर पसरल्या.

दुसऱ्या दिवशी टोळीतल्या थोराड हुप्प्यानं चिंच खाल्ली. आमच्या गच्चीवर येऊन मिरच्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उगाच ओशाळले. तो मोहफुलं न हुंगता तिसरी गच्ची ओलांडून चौथीवर गेला, टोळीला घेऊन कुरडया फस्त केल्या आणि मग मोहफुलांसाठी परत आला. त्याला गच्च्या पाठ नव्हत्याच, जेवणाचा क्रम पाठ होता.

लग्नाला आठ दिवस उरले होते. आई कपाळाला हात लावून बसली. भाभी म्हणाली, "बाई, माह्या गच्चीवरून गेल्या, आता मीच करून देतो." तिनं जन्मात कुरडई केली नव्हती. खिडक्या लावून पंख्याखाली वाळवलेल्या त्या कुरडया जाडजूड निघाल्या, कुठल्याही दोन सारख्या नाहीत.

लग्नात आईनं त्या रुखवतात सगळ्यांत पुढे मांडल्या. माझ्या मावससासूनं एक उचलून उलटीसुलटी केली. "कोनं केल्या ह्या?"

बाजूला उभ्या भाभीनं मान खाली घातली.

"माह्या हातच्या आहेत," आई म्हणाली.

पाठवणीला अजून तासभर होता, पण मला रडू तिथंच फुटलं.