मार्तंडकाकांचं स्टूल

मार्तंड गावंडे आपल्या पाण्याच्या बाटलीवर पेनानं रेघ मारून ठेवत. कोणी घोटभर प्यायलं तरी कळलं पाहिजे. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघत, चार पावलं जात आणि परत येऊन चौथ्यांदा ओढत. हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. नऊ वर्षांत त्यांनी माझ्यावरही दोनदा संशय घेतला, एकदा पान्यासाठी आणि एकदा लोणच्यासाठी. लोणचं मीच खाल्लं होतं.

पण हे खूळ त्यांना जन्मापासून नव्हतं. आधी ते वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात होते. तिथून एक खोकं गायब झालं, कोणीतरी त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि त्याच संध्याकाळी त्यांना घरी बसवलं. महिन्याभरानं खोकं शेजारच्या गोदामात सापडलं. काकांना मात्र कोणी परत बोलावलं नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक नाजूक काम आलं. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या वेधशाळेत लेसरचा किरण कित्येक किलोमीटर जाऊन आरशावरून परततो. आरसा जरासा कलला की सगळं फिसकटतं. म्हणून किरण नेमका मध्यावर आहे का, हे सांगणारा सेन्सर लागतो. भाकरीचे चार चतकोर करावेत तसे त्याचे चार भाग असतात. चारही भागांवर सारखा उजेड पडला तर किरण मध्यावर, एकावर जास्त पडला तर सरकलेला. या सेन्सरची बैठक आम्ही बनवत होतो. चाचणीसाठी एका खोलीत भिंतीवर लेसर बसवून त्याचा किरण टेबलावरच्या सेन्सरवर सोडला होता आणि चारही भागांचे आकडे पडद्यावर दिसत. जोडणी वैभवी या तरुण इंजिनिअरकडे होती, खोलीची राखण काकांकडे.

पहिल्याच आठवड्यापासून रोज दुपारी किरण सरकू लागला.

सुट्टीत आम्ही सगळे जेवायला बाहेर जायचो. काका टेबलाला खेटून स्टूल टाकायचे आणि तिथंच डबा उघडायचे. "मी तं तिथंच बसून राहतो, चिटपाखरू येत नाही," ते मला म्हणाले. "म्हणजे जाता जाता ही पोरगीच काहीतरी करून जाते." त्यांनी बैठकीच्या स्क्रूंवर खडूची पूड टाकली, कोणी हात लावला तर कळावं म्हणून. पूड जागेवर राहिली आणि किरण सरकला. "पाह्य, किती हुशार हाय! पुसून परत टाकते."

तीन आठवड्यांनी त्यांनी मालक सुशीलबाबूंकडे वैभवीविरुद्ध लेखी तक्रार दिली. शुक्रवारी तिला काढायचं ठरलं. मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प बसलो. त्याची मला आजही लाज वाटते.

बुधवारी काका डोळे तपासायला गेले. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खोली कुलूपबंद होती आणि किरण जागचा हलला नाही. "मी नव्हतो नं, म्हणून मुद्दाम नाही केलं तिनं," गुरुवारी काका म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. दुपारी ते पडद्याकडे तोंड करून स्टुलावर बसले. डाव्या भागाचा आकडा चढला. ते उठून दारापाशी आले, आकडा उतरला. पुन्हा बसले, पुन्हा चढला. असं त्यांनी पाच वेळा केलं. खोलीची जमीन फळ्यांची होती. त्यांच्या वजनानं ती दबत होती आणि टेबल एका बाजूला कलत होतं. मी दारातच उभा होतो. त्यांनी डबा न उघडताच बांधून ठेवला.

शुक्रवारी सुशीलबाबूंनी वैभवीला बोलावलं, तेव्हा काका न विचारता आत शिरले.

"साहेब, किरण मीच हलवून राहिलो होतो. हिचा काही दोष नाही." त्यांनी स्टुलाची सगळी गोष्ट सांगितली. सुशीलबाबूंनी तक्रारीचा कागद फाडला.

वैभवी काकांकडे वळली. "तीन आठवडे तुम्ही माह्यावर नजर ठेवून होते. एकदा मले विचारलं काहून नाही?"

काकांचे डोळे भरून आले. "वाडीले मलेही कोणी विचारलं नव्हतं वं."

"मंग तुम्हाले तं माहीत होतं, काका," वैभवी म्हणाली.