फाटकाच्या कलमाला होकार

मधुसूदन रेडकर दुपारी जेवून आडवे होतात, तेव्हा पोटात बांगड्याचं तिखलं असतं आणि छातीवर करारनामा. यातलं नक्की काय जड झालंय ते त्यांना ठरवता येत नाही. संध्याकाळी नगरपंचायत आणि त्यांची नदीकाठ संस्था मिळून सह्या करणार आहेत. बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याची नदीकाठची जागा, जेटीसकट, नगरपंचायतीची, बाग आणि देखभाल संस्थेची, श्रेय दोघांचं. वेळ गेला तो श्रेयातच. पंखा घरघरतो, आणि ती घरघर हळूहळू भट्टीची होते.

भट्टीच्या तोंडाशी आबा कुबल नारळ सोलत बसलेत. संस्थेचे आधीचे अध्यक्ष. शिमग्यानंतर वारले.

"काय मदू, निजलंस?"

"जरा डोळा लागला. पण आबा, तुम्ही..."

"मी मेलंय. तुझो काय वांदो?"

वांदा काही नसतो. एवढंच, की आबांच्या मागं आता भट्टी नाही, नगरपंचायतीचं सभागृह आहे. मुख्याधिकारी, नगरसेवक, विश्वस्त, सगळे मांडीवर एकेक कच्चं कौल घेऊन बसलेत. आपल्या बोटाचा ठसा उठू नये म्हणून हात वर धरलेत.

"गाऱ्हाणा घातल्याशिवाय सह्या करतलास?" आबा अर्धा सोललेला नारळ पुढं करतात. "धर. घाल."

आबा होते तोवर गाऱ्हाणं तेच घालायचे. काय करणार ते देवाला मोठ्यानं सांगायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. रेडकर नारळ सोलत सोलत सुरू करतात.

"बा देवा महाराजा! नगरपंचायतीन जागा दिली..."

"व्हय महाराजा!"

"संस्थेन बाग केली..."

"व्हय महाराजा!"

"दिवे नगरपंचायतीचे, बिल संस्थेचा..."

"व्हय महाराजा!" यात मुख्याधिकाऱ्यांचा आवाज सगळ्यात मोठा.

"जेटीच्या पायऱ्यांचा फाटक सांज झाली की बंद, कुलूप संस्थेचा..."

कोणी बोलत नाही.

रेडकर पुन्हा म्हणतात, घसा ताणून. सभागृहाच्या पायऱ्या झालेल्या असतात. खुर्च्यांचे पाय पाण्यात. फाटकापलीकडे कमरेएवढ्या पाण्यात शेवंती उभी आहे, डोक्यावर तिसऱ्या शिंपल्यांची टोपली. ही तर जिवंत आहे! कालच रेडकरांनी तिच्याकडून वाटा घेतला, वर चार फुकट मागून घेतल्या.

"ह्या कलम कोणी लिवला?" आबा विचारतात.

"मीच. बाकं चोरीला जातात, आबा. मुख्याधिकाऱ्यांना जबाबदारी नको."

"आणि ओहोटी? ती काय तुझा घड्याळ बघून लागतली? सांजेक सुकती लागली की ही बाय खाली उतरतली, तिसऱ्यो काढतली. मगे वर खयसून येतली?"

"दुसरीकडून चढेल."

"दुसरीकडे तुझीच भिंत. फोटोत बरी दिसता म्हणान घातलंस ना?"

शेवंती वाद घालत नाही. "दादा, फाटक उघडा. भरती लागली."

रेडकर किल्ली शोधायला खिशात हात घालतात. अंगात नुसतं बनियन. पाणी तिच्या छातीला लागतं. ते नारळच कुलपावर हाणतात आणि अंगठा सोडणाच्या काथ्यात जातो.

पंखा चालू असतो. दारात त्यांची बायको सुलभा.

"कुणाला महाराजा म्हणत होतात? आणि अंगठा का चोखताय?"

रेडकर डाव्या हातानं मुख्याधिकाऱ्यांना फोन लावतात.

"साहेब, फाटकाचं कलम काढा... हो, पायऱ्या रात्रंदिवस उघड्या... बाकांचं? बाकांचं लिहा संस्थेच्या नावावर. नाहीतर सह्या राहू देत."

पलीकडून, "विश्वस्तांना विचारलंत का?"

"विचारलं. कुणी हो म्हणालं नाही."

सुलभा सुई घेऊन येते आणि त्यांचा उजवा अंगठा उजेडाकडे धरते. नखाखालून नारळाच्या सोडणाचा धागा निघतो, बोटाच्या पेराएवढा. ती तो चिमटीत फिरवते.

"ओला कसा हा?"